सहाच्या शिफ्टची मुलं

ऑकलंडमधल्या पेनरोजच्या ज्या कारखान्यात मी पगारांचं काम केलं, तिथे मला सगळे ‘व्हॅन’ म्हणायचे. वंदना म्हणायला गेलं की त्यांची जीभ पहिल्या अक्षरातच दमायची. कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. कीवीफ्रूटपासून जँडल्सपर्यंत, म्हणजे इथल्या रबरी चपलांपर्यंत, ज्याला म्हणून खोकं लागतं, त्याला आम्ही ते पुरवायचो. दारात दिवसभर खऱ्याखुऱ्या व्हॅन उभ्या. मी एकदा तापाने घरी होते, तेव्हा कुणीतरी वॉकीटॉकीवर सांगितलं, ‘व्हॅन आज बंद आहे, उद्यापर्यंत ठीक होईल,’ आणि डिस्पॅचवाल्यांनी भाड्याची गाडी मागवली. मी बरी होऊन आले तर ती दारात उभी, आणि तिचा ड्रायव्हर मला विचारतोय, ‘मी नक्की कोणाच्या बदली आलोय?’

तर पगार करणारी बाई म्हणजे लोकांना वाटतं आकडे. आकडे यंत्र करतं. माझ्याकडे यायची ती माणसं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाला बाळ होणार हे सासूच्या आधी मला कळायचं, कारण रजेची चौकशी आधी माझ्याकडे. आणि कोण का सोडून चाललंय, हेही.

जॉय नावाची एक मुलगी होती, पॅकिंगवर. फिलिपिनो, सदा गुणगुणणारी, कामाला वाघीण. बाळंतपणाची रजा संपवून आली आणि महिन्याभरात राजीनामा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. बाळाला सकाळी नवरा पाळणाघरात सोडायचा, पण पाळणाघराचं बिल आणि तिचा पगार यांत इतकं थोडं अंतर होतं की दिवसभर उभं राहून ती जणू फक्त बसभाडं कमावत होती. ‘घरीच बसते, व्हॅन,’ म्हणाली, आणि उलट माझीच समजूत काढायला लागली. तिचा शेवटचा पगार मी केला. ती कुठे गेली, पुन्हा कामाला लागली का, मला ठाऊक नाही. लागली असावी अशी फार इच्छा आहे.

त्यानंतर मी ग्रँटच्या मागे लागले. ग्रँट म्हणजे आमचा जनरल मॅनेजर. दरवाजात उभा राहिला तर खोलीतला उजेड कमी व्हावा एवढा माणूस, पण मनाने लोण्याचा गोळा. त्याला मी महिनोन्‌महिने एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली, की कंपनीने पाळणाघराचं व्हाउचर द्यावं, आणि शेवटी तो म्हणाला, ‘बरं बाई, करू.’

आता हे व्हाउचर म्हणजे काय, ते सांगते. इथे सरकार लहान मुलांच्या सांभाळाला थोडी मदत देतं. तीन वर्षांपुढच्यांना काही तास, कमी पगारवाल्यांना आणखी थोडं. पण वरचं बरंच आईबापांच्या अंगावर पडतं. त्या वरच्यातला काही भाग कंपनीने उचलायचा, असं ठरलं. रोख द्यायचं नाही. ज्याला पाच वर्षांखालचं मूल आहे त्याला दर आठवड्याला एक व्हाउचर, त्यावर एक नंबर. तो नंबर त्याने पाळणाघरात द्यायचा, पाळणाघराने तेवढं बिल आमच्याकडे पाठवायचं. पाळणाघर मात्र परवाना असलेलं हवं. बस्स. एवढ्यासाठी मी किती मीटिंगा केल्या त्याचं स्वतंत्र अनुभवकथन होईल, पण ते कुणी वाचणार नाही.

‘ख्रिसमसपर्यंत चालवून बघू,’ ग्रँट म्हणाला. ‘लोकांनी वापरलं तर ठेवू. नाही तर हेच पैसे दुसरीकडे लावावे लागतील. वरचे लोक मला विचारणार.’

व्हाउचरं सुरू झाल्याचा कागद कँटीनमध्ये लावला आणि माझ्या टेबलापुढे रांग लागली. पहिला आला ट्रक चालवणारा बॅरी. त्याला त्याच्या कुत्र्यासाठी व्हाउचर हवं होतं. ‘तीन वर्षांचा आहे, व्हॅन! पाचच्या आतच!’ इथे कुत्र्यांचीही पाळणाघरं असतात, आणि ती मुलांच्या पाळणाघरांपेक्षा ऐसपैस असतात. मी नाही म्हटल्यावर तो फोटो दाखवायला लागला. फोटोत कुत्रा टोपी घालून केकपुढे बसला होता. दुसऱ्या एका गृहस्थांचा मुलगा सव्वीस वर्षांचा, घरी सोफ्यावर पडून असायचा. ‘याला कुणीतरी दिवसभर घेऊन जा,’ एवढंच त्यांचं म्हणणं. व्हाउचरही नको होतं त्यांना, पदरचे भरायला तयार होते. आणि एक जोडपं आलं, त्यांचं बाळ अजून पोटात. ऑकलंडमध्ये चांगल्या ठिकाणी नंबर लावायचा तर आधीपासून लावावा लागतो. मी विचारलं, ‘नाव काय घालू?’ दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली, आणि माझ्यासमोर त्यांचं पहिलं भांडण झालं. मला इतकं हसू येत होतं की मी खाली वाकून उगाच ड्रॉवर शोधत बसले.

गंमत सगळी खरी, पण थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की व्हाउचर वापरतायत ते फक्त ऑफिसातले. नऊ ते पाचवाले. आणि मी तर हे सगळं मांडलं होतं जॉयसारख्यांसाठी, मशीनवरच्यांसाठी. त्यांची शिफ्ट सकाळी सहाला सुरू. आसपासचं एकही पाळणाघर सातच्या आधी दार उघडत नव्हतं. म्हणजे मी लोकांना बंद दुकानाची कुपनं वाटत होते!

मी फोन करकरून थकले. ‘सहाच्या आधी? कारखान्यातल्यांसाठी?’ सगळीकडे गोड आवाजात नकार. इथे नकारसुद्धा असा देतात की फोन ठेवल्यावर वाटावं, आपलं काम झालं.

वसंत, म्हणजे इथला सप्टेंबर, सुरू झाला, आणि एका सकाळी तेजस जगताप माझ्या केबिनशी येऊन उभा राहिला. तेजस आमचा मेंटेनन्स इंजिनीअर, मूळचा चिंचवडचा. मशीन रुसलं की त्याच्या पोटावर हात फिरवून, कान लावून, काय दुखतंय ते सांगणारा मुलगा. त्याची बायको केतकी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, आणि मुलगी अन्वी अडीच वर्षांची.

‘काकू, ब्रिस्बेनला बघतोय,’ तो म्हणाला.

‘काय बघतोयस?’

‘नोकरी. केतकीची ड्युटी आता सकाळची झालीय. दोघांनाही पहाटेच निघायचं. अन्वीला ठेवायचं कुठे? आठवडाभर शेजाऱ्यांना अगदी नको करून सोडलंय. काल मी उशिरा आलो, तोवर दोन नंबरचं मशीन बंद पडून होतं.’ मग हळूच म्हणाला, ‘तुमचं व्हाउचर आहे खिशात. पण द्यायचं कुणाला?’

मी पाळणाघरांची यादी पुन्हा पुढ्यात ओढली. तेवढ्यात दारातून आवाज आला, ‘एवढंच ना? माझ्या आईकडे ठेव.’

ही सीना. पॅकिंग लाइनची प्रमुख, सामोअन, ओव्हरटाइमचं विचारायला आली होती. मराठी तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण ‘अन्वी’, ‘व्हाउचर’ आणि तेजसचा चेहरा एवढ्यावर तिने सगळं जुळवलं होतं. ती राहायची पापाटोएटोला, तेजसच्या घरापासून चार गल्ल्यांवर. तिचा मुलगा ईलाय तीन वर्षांचा. पहाटे त्याला तिची आई, लूपे, सांभाळायची. लूपेची सगळी उमर चर्चच्या बालवाडीत शिकवण्यात गेलेली. रीतसर शिकलेली बाई.

‘पण परवाना?’ मी म्हटलं.

‘तो कसा काढायचा, ते तू शोध,’ सीना म्हणाली. ‘ऑफिसात तू बसतेस.’

मी शोधलं. इथे घरी मुलं सांभाळता येतात. परवाना असलेल्या एखाद्या संस्थेशी जोडून घ्यायचं, पोलिसांकडून चारित्र्याची तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स, एका वेळी जास्तीत जास्त चार मुलं, आणि संस्थेची बाई येऊन घर पाहून जाते. ते सगळं जमलं, तर लूपेचं घर म्हणजे परवान्याची जागा, आणि माझं व्हाउचर तिथे चालणार! मी ग्रँटकडे धावत गेले. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे कंपनी आता आजी भाड्याने घेणार?’

‘हो,’ म्हटलं.

‘स्वीट ॲज,’ तो म्हणाला, म्हणजे झकास. ‘पण ख्रिसमसच्या आत.’

लूपेला सगळे ‘नाना लूपे’ म्हणत. इथे नाना म्हणजे आजी. आमच्या घरी नाना म्हणजे मिशीवाले काका, त्यामुळे पहिल्या भेटीत मी जरा बिचकलेच होते. त्या मात्र आल्याआल्या मला कवेत घेऊन हलवून मोकळ्या झाल्या. ‘तू बारीक आहेस,’ म्हणाल्या. एवढं एक वाक्य ऐकायला मी न्यूझीलंडला आले असावे.

घर पाहायला संस्थेची फिलिपा सोमवारी येणार होती. म्हणून शनिवारी आम्ही सगळे पापाटोएटोला जमलो. कारखान्यातली पाचसहा दांडगी माणसं, तेजस-केतकी, मी. मागच्या अंगणाचं कुंपण पुरं करायचं, फाटकाला मुलांना उघडणार नाही अशी कडी लावायची, साफसफाईची औषधं कुलपात, कपाटं भिंतीला पक्की. सकाळी दहाच्या सुमारास घराची अवस्था अशी, की सोफा हिरवळीवर, फ्रीझर गाडीवाटेत, नाना लूपेंच्या कोंबड्या स्वैपाकघरात, आणि तेजस फाटकापाशी गुडघ्यांवर बसून ती कडी तिसऱ्यांदा खोलतोय. त्याला ती कडी साधी नको होती. पोटच्या मुलीचा प्रश्न होता. त्यात त्याने वर एक स्प्रिंग, खाली एक खिट्टी असं काहीतरी पुणेरी बसवलं होतं.

आणि गाडी थांबली. फिलिपा उतरली. उंच, सडपातळ, हातात क्लिपबोर्ड. ‘कीया ओरा!’ तिने माओरीत नमस्कार केला. ‘सोमवारचं मला जमणार नाही, इथून जातच होते. आत्ता पाहिलं तर चालेल?’

सीनाने माझ्याकडे पाहिलं, मी केतकीकडे पाहिलं, केतकीच्या हातात कोंबडी होती.

‘चालेल की,’ नाना लूपे म्हणाल्या. ‘आधी खा.’

फिलिपाला खायला घातलं. तिने धुराचे अलार्म पाहिले, झोपायची जागा पाहिली, कपाटांना हलवून पाहिलं. मग म्हणाली, ‘आग लागली तर मुलांना बाहेर कसं काढाल, ते दाखवता का?’

नाना लूपेंनी पदर खोचल्यासारखा आपला फुलाफुलांचा झगा सावरला आणि टाळ्या वाजवत एक सामोअन बालगीत सुरू केलं. ईलाय पळत येऊन त्यांच्यामागे लागला. त्याच्यामागे अन्वी, तिने त्याचा शर्ट धरला. आणि मग, कुणी काही न सांगता, कुंपण ठोकणारे ते दांडगे पुरुष हातोड्या खाली ठेवून रांगेत आले. प्रत्येकाने पुढच्याचा शर्ट धरला. रांग स्वैपाकघरातून, सोफ्याला वळसा घालून, टाळ्या पिटत लिंबाच्या झाडाखाली. माझ्या मागे बॅरी. माझ्या पुढे फिलिपा! ती कधी रांगेत घुसली, तिलाही कळलं नसावं. झाडाखाली पोचल्यावर नाना लूपेंनी सगळ्यांची डोकी मोजली आणि फिलिपाला म्हणाल्या, ‘सगळे वाचले.’

हसून हसून माझ्या बरगड्या दुखत असतानाच पलीकडून आवाज यायला लागला. ‘हॅलो? कुणी आहे का?’

ग्रँट आला होता. त्याला सीनाने जेवायला बोलावलं होतं. एका हातात भलामोठा पाव्हलोवा, म्हणजे वर फळं आणि साय लावलेला अंड्याच्या फेसाचा इथला तो केक, आणि दुसऱ्या हाताने तो फाटक उघडायचा प्रयत्न करत होता. त्याने स्प्रिंग दाबली, खिट्टी ओढली, खिट्टी दाबली, स्प्रिंग ओढली. फाटक हलेना. त्याने पाव्हलोवा बॉनेटवर ठेवून दोन्ही हात लावले. चेहरा लाल झाला. आम्ही सगळे लिंबाखाली श्वास रोखून बघतोय. एवढा मोठा कारखाना चालवणारा माणूस शेवटी कुंपणावरून डोकं काढून काकुळतीने म्हणाला, ‘मला कुणी आत घेणार का?’

फिलिपाने क्लिपबोर्ड उचलला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, ‘फाटक... सुरक्षित.’

पण बाथरूममध्ये तिने नळाखाली थर्मामीटर धरला आणि तिचा चेहरा बदलला. पाणी फार गरम होतं. मुलांचे हात भाजतील इतकं. ‘हे असताना मी होकार देऊ शकत नाही,’ ती म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं. अंगणातला गलका एकदम विझला. तेजस पायरीवर बसला. मला दिसलं, त्याच्या डोक्यात ब्रिस्बेन सुरू झालंय.

‘प्लंबर आणला तर?’ मी विचारलं.

‘तर मी पुन्हा येईन,’ फिलिपा म्हणाली, आणि तिने पाव्हलोव्याकडे पाहिलं. ‘हा उरणार असेल तर लवकर येईन.’

सीनाचा मामेभाऊ परवान्याचा प्लंबर निघाला. पापाटोएटोला सीनाचा कुणीतरी मामेभाऊ काहीतरी असतोच. तो त्या आठवड्यातच पाणी फार तापू न देणारी झडप बसवून गेला, फिलिपा आली, थर्मामीटर पुन्हा नळाखाली गेला, आणि होकार आला.

पहिला दिवस. तेजस पावणेसहाला कारखान्यात आला तो रडून आलेला. अन्वीने त्याच्या शर्टाला घट्ट धरून आकांत केला होता. नाना लूपेंनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि याला सांगितलं, ‘जा. मागे पाहू नकोस.’ हा गाडीत बसून मागेच पाहत होता. मशीनवर कुणालाही फोन जवळ ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून मी नाना लूपेंना माझा नंबर देऊन ठेवला होता. तेजस दर थोड्या वेळाने माझ्या काचेपाशी येई, मी मान हलवून ‘नाही’ म्हणे, तो परत जाई. दोन नंबरच्या मशीनवर त्याचं चित्त नव्हतं. सीना त्याच्याकडे बघून आपलं काम चुकवत होती. हळूहळू सगळ्या शॉपफ्लोअरला कळलं, आणि सगळेच माझ्या काचेकडे बघायला लागले. पगाराच्या दिवशीसुद्धा माझ्याकडे एवढ्या आशेने कुणी पाहिलं नव्हतं.

फोन वाजला. ‘व्हॅन,’ नाना लूपे म्हणाल्या, ‘त्या बापाला सांग, ती खातेय. ईलायच्या ताटातलं खातेय. आणि आता त्याला ओरडतेय.’

मागून खरंच ऐकू आलं, अन्वीचा ठणठणीत आवाज, ‘नो! धिस इज माइन!’

काचेबाहेर तेजस नव्हता, कुठल्यातरी मशीनखाली शिरला होता. मी भिंतीवरचा माइक ओढला, जो फक्त आगीसाठी आणि हरवलेल्या ट्रकचालकांसाठी होता, आणि साऱ्या कारखान्याभर मराठीतून ओरडले, ‘तेजस! अन्वी जेवतेय रे! रडायची थांबली! ईलायच्या ताटातलं पळवून खातेय!’

कुणाला एक अक्षर कळलं नाही. आणि सगळ्यांना सगळं कळलं. कुठूनतरी शिट्टी आली, मग टाळ्या, मग खोक्यांच्या थप्प्यांवर थापा. फोर्कलिफ्टवाल्यांनी भोंगे वाजवले. तेजस मशीनखालून बाहेर आला, तोंडावर ग्रीस, दोन्ही हात वर. सीनाने त्याला उचललं. शब्दशः उचललं. ग्रँट ऑफिसातून धावत बाहेर आला, ‘आग कुठे लागलीय?’

ख्रिसमसपर्यंत नाना लूपेंकडे चारही जागा भरल्या, चौघंही सहाच्या शिफ्टची मुलं. सीनाची एक मावशी तयार झाली, मग चर्चमधली आणखी एक बाई. ग्रँटने वरच्यांना काय सांगितलं, मला माहीत नाही. मला येऊन एवढंच म्हणाला, ‘व्हाउचर राहतंय.’ आणि घाईने निघून गेला, कारण डोळे पुसायला त्याला खिशात काही सापडेना. तेजस-केतकी अजून पापाटोएटोलाच आहेत. ब्रिस्बेनचं नाव निघालं की केतकी म्हणते, ‘तिकडे नाना लूपे कुठे आहेत?’

मी निवृत्त झाले, आणि पंधरा दिवस आमच्या अवोन्डेलच्या घरात बसून भिंती मोजल्या. मग फिलिपाला फोन केला. कोर्स केला, पोलिसांची तपासणी झाली, नळांची झाली. आमचे हे पहाटे पाचला उठून दूध तापवतात आणि पोरांना मराठीत दटावतात. पोरं त्यांना मुळीच भीत नाहीत.

माझ्याकडे पहिला आला टॉमस, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या क्रेगचा मुलगा. पायजम्यावर स्वेटर, पायांत उलटसुलट जँडल्स, डोळे अर्धे मिटलेले. दारात उभा राहून त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘आर यू व्हाउचर?’ घरी आईबाप रोज रात्री म्हणत असणार, उद्यापासून व्हाउचर, व्हाउचरवर जायचंय. त्याला वाटलं, हे माझं नाव. मी म्हटलं, ‘हो रे राजा, मीच व्हाउचर. आत ये.’ त्याचं ऐकून बाकीची तिघंही तेच म्हणायला लागली.

मागच्या रविवारी अवोन्डेलच्या बाजारात मी मेथीच्या जुड्या निवडत होते. तुडुंब गर्दी. आणि त्या गर्दीतून चिरका आवाज आला, ‘व्हाउचर! व्हाउचर!’ टॉमस आईचा हात सोडवून, लोकांच्या पायांतून वाट काढत येत होता. त्याने येऊन माझ्या गुडघ्यांना मिठी मारली आणि पुन्हा सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडला, ‘व्हाउचर!’

मेथीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फार अजिजीने म्हणाला, ‘सॉरी, आंटी. ओन्ली कॅश.’